कमरेचें ओझें

शस्त्राचा विषय घरोघर वाचल्या जाणाऱ्या मासिकांत कशास, असें आमच्या कित्येक वाचकभगिनींस वाटेल. परंतु शस्त्र ज्या घरांत येतें तें घर एकट्या पुरुषाचें नसतें. तेथें वृद्ध आईबाप असतात, जावा-नणंदा असतात, झोपाळ्यावर खेळणारीं मुलें असतात. आणि दिवसां कमरेस असलेलें शस्त्र रात्रीं ह्या सर्वांच्या मध्यें येऊन निजतें. तेव्हां त्याच्या निवडीची चर्चा ओसरीवरच न संपतां माजघरापर्यंत जावी, हें बरें.

निमित्त असें झालें. आमचा एक जुना विद्यार्थी घनसावंगीस राहून मोसंबीचा व्यापार करतो. बागा ठरवाव्या, माल जालन्यास न्यावा आणि रोख रक्कम घेऊन सायंकाळीं परतावें, असा त्याचा क्रम. एकदां अंबडकडून येतांना दोन मोटारसायकली बराच वेळ त्याच्या गाडीमागें राहिल्या. घडलें कांहींच नाहीं. पण त्या रात्रीं त्यास झोप आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो आमच्याकडे येऊन म्हणाला, “गुरुजी, रोज कमरेला ठेवतां येईल असें एखादें रिव्हॉल्व्हर घ्यावें म्हणतों. अण्णा म्हणाले, आधीं गुरुजींना विचार, मग अर्ज कर. कोणतें घेऊं?”

आम्हीं त्याचें बोलणें हंसण्यावारी नेलें नाहीं. आमच्या मराठवाड्यानें १९४७-४८ सालीं रझाकारांचा काळ पाहिला आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता संपण्यापूर्वीं निःशस्त्र गांवांनीं काय सोसलें, हें वडिलांच्या तोंडून ऐकतच आमची पिढी मोठी झाली. अलीकडचेंच सांगावयाचें तर, ह्याच तालुक्यांत जांब समर्थ हें रामदास स्वामींचें जन्मस्थान आहे. तेथील राममंदिरांतून २०२२ च्या ऑगस्ट महिन्यांत पंचधातूच्या मूर्ती चोरीस गेल्या, तेव्हां आम्हींहि आपल्या दाराची कडी बदलली. मूर्ती पुढें दोनएक महिन्यांनीं सांपडल्या, त्या मात्र पोलिसांच्या तपासानें. कोणाच्या कमरेच्या शस्त्रानें नव्हे. एवढें ध्यानांत ठेवून आम्ही त्याच्या प्रश्नाकडे वळलों.

“कोणतें” ह्याचें अर्धें उत्तर कायद्यानेंच देऊन ठेवलें आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम हे ह्या विषयाचे आधारग्रंथ. आमच्या जिल्ह्यांत परवाना जिल्हाधिकारी देतात. तत्पूर्वीं पोलिसांची चौकशी होते. अर्जदारास २१ वर्षें पूर्ण असावीं लागतात व शस्त्र सुरक्षितपणें हाताळण्याचें शिक्षण घ्यावें लागतें. २०१९ च्या दुरुस्तीपासून सामान्य माणसास दोहोंहून अधिक बंदुका बाळगतां येत नाहींत. नऊ मिलिमीटरचें पिस्तूल नागरिकास निषिद्ध असल्यामुळें आपल्याकडे परवान्याचें लहान शस्त्र म्हणजे बहुधा बत्तीस बोअरचें. तें बाहेर नेतांना होल्स्टरमध्यें, पूर्ण झांकलेलें व आपल्या ताब्यांत असलें पाहिजे, असा नियम आहे. अर्थात् दहा जणांस दिसावें म्हणून जो शस्त्र घेतो, त्याची हौस कायद्यासच मान्य नाहीं.

ह्या बत्तीस बोअरांत दोन जाती आहेत. रिव्हॉल्व्हरला फिरतें चक्र असून त्यांत बहुधा सहा काडतुसें बसतात. पिस्तुलाच्या मुठींत काडतुसांची पेटी सरकवितात. बोअरचें नांव एक असलें तरी काडतुसें निराळीं. एकाचीं दुसऱ्यास चालत नाहींत. पिस्तूल चपटें, म्हणून कपड्यांखालीं कमी दिसणारें. परंतु त्यांत एक फसगत आहे. पेटी काढून घेतली म्हणजे शस्त्र रिकामें झालें असें वाटतें, आणि एक काडतूस नळीच्या बुडाशीं तसेंच राहिलेलें असूं शकतें. ह्या एका विसरलेल्या काडतुसानें जगभर कित्येक घरांत अनर्थ झाले आहेत. रिव्हॉल्व्हरचें चक्र उघडलें कीं किती भरलें, किती रिकामें, हें डोळ्यांस दिसतें. एखादें काडतूस उडालें नाहीं तर चाप पुन्हा ओढतांच पुढचें घर समोर येतें. नवशिक्यानें म्हणून रिव्हॉल्व्हरच पाहावें, असें आम्हीं त्यास सांगितलें.

राहतां राहिलें वजन. कानपूरच्या सरकारी कारखान्यानें २०१४ मध्यें मुख्यतः स्त्रियांकरितां म्हणून ‘निर्भीक’ नांवाचें रिव्हॉल्व्हर काढलें. वजन सुमारें ५०० ग्रॅम, तेव्हांची किंमत १,२२,३६० रुपये. २०२३ मध्यें ‘प्रबल’ आलें. तें सुमारें ७०० ग्रॅमचें, बाजूस उघडणाऱ्या चक्राचें. हलकें शस्त्र कमरेस सुखाचें, हें खरें. परंतु काडतूस तेंच असलें तर हलकें शस्त्र उडतांना हातास अधिक झटका देतें, आणि झटक्यास भिणारा हात नेम चुकवितो. पदार्थविज्ञानाचा हा नियम दुकानदार सांगतोच असें नाहीं.

एवढें झाल्यावर तो समाधानानें उठूं लागला. आम्हीं त्यास बसविलें, कारण खरा प्रश्न अजून निघालाच नव्हता. महाभारताच्या सौप्तिक पर्वांत अश्वत्थामा अस्त्र सोडतो, आणि त्याच्या निवारणार्थ अर्जुनहि सोडतो. ऋषि मध्यें पडून दोघांस तें परत घ्यावयास सांगतात. अर्जुन घेतो, अश्वत्थाम्यास तें साधत नाहीं, आणि अखेर उत्तरेच्या गर्भावर तें जाऊन पडतें. सोडण्याची विद्या दोघांपाशींहि होती, आवरण्याची एकापाशींच. गोळीस तर उपसंहाराचा मंत्रच नाहीं. तेव्हां आवरण्याचें जें कांहीं सामर्थ्य आहे, तें चाप ओढण्यापूर्वीं, किंबहुना शस्त्र घरीं आणण्यापूर्वीं, माणसाच्या अंगीं असावें लागतें.

तें अंगीं आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आम्हीं त्यास गृहपाठ दिला. वाण्याकडून ५०० आणि २०० ग्रॅमचीं लोखंडी वजनें आण. जाड कापडाच्या पिशवींत शिवून कमरेस बांध. आणि आठ दिवस तें भरलेलें रिव्हॉल्व्हर आहे असें समजून वाग. पिशवी जेव्हां जेव्हां अंगावेगळी होईल, तेव्हां ती कोठें ठेवलीस आणि कोणाच्या हातीं लागूं शकली असती, तें वहींत लिही.

आठवडा संपल्यावर वही आली. पहिला दिवस: न्हाणीघरांतील खुंटी. दुसरा: गाडीचा खण, काचा उघड्या. तिसरा: लग्नाच्या पंगतींत मांडी घालतां येईना, म्हणून पाहुण्यांच्या सामानांत. चौथा: रात्रीं उशाखालीं, सकाळीं तेथेंच विसरली. पांचव्या दिवशीं एवढेंच लिहिलें होतें: दुपारीं डोळा लागला, जाग आली तों पिशवी नाहीं, धाकट्या भावाचा चार वर्षांचा मुलगा ती घेऊन अंगणांत ‘ठो, ठो’ करीत होता. पुढचीं पानें कोरीं होतीं.

“सहाव्या दिवशीं आईनें पिशवी कपाटांत घालून किल्ली आपल्याकडे ठेवली,” तो म्हणाला. “मला म्हणाली, तुला दाराची कडी लावायची आठवण राहत नाहीं रे बाबा.”

त्या माउलीनें जें ओळखलें त्यांत आम्हीं एकच गोष्ट जोडली. घरांतलीं माणसें रोज सारख्याच मनःस्थितींत नसतात. परीक्षेंत नापास झालेला मुलगा, पीक बुडालेला भाऊ, मुकाट्यानें सोसणारी सून, ह्यांपैकीं कोणाचीहि एखादी घटका काळी असूं शकते. ती घटका बहुधा टळते, आणि हाताशीं साधन नसलें म्हणजे माणूस वांचतो. फवारणीच्या औषधास कुलूप लावा, असें शेतकऱ्यांच्या घरांत सांगावें लागतें तें ह्याचसाठीं. मग काडतुसांचें काय सांगावें? शस्त्र रिकामें करून पक्क्या कपाटांत, काडतुसें निराळ्या कुलपांत, आणि किल्ली एकाच जाणत्या माणसापाशीं, ह्याहून कमी बंदोबस्त पुरेसा नव्हे.

तसेंच, १ जुलै २०२४ पासून लागू असलेली भारतीय न्याय संहिता आत्मरक्षणाचा हक्क देते, पण तो गरजेपुरत्याच बळाचा. दोन मोटारसायकली मागें आल्या, एवढ्यावर शस्त्र उपसतां येत नाहीं. आणि वरातींत हर्षानें बार काढून इतरांचा जीव धोक्यांत घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.

आमच्या विद्यार्थ्यानें अर्ज फाडला नाहीं, आणि आम्हींहि फाड म्हटलें नाहीं. व्यापाऱ्यांकडील पैसा तो आतां बँकेंत जमा करवून घेतो, दिवस मावळण्यापूर्वीं घरीं येतो, आणि सोबतीवांचून जात नाहीं. भिंतींत बसविलेलें एक लोखंडी कपाट मात्र त्यानें आधींच घेतलें. अर्ज सध्यां त्यांतच आहे.

ज्या घरांत असा विचार चालला असेल, त्यांनीं दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं ७०० ग्रॅमची ती पिशवी आठ दिवस बांधून पाहावी, आणि वही घरांतील सर्व मंडळींसमोर वाचावी. वहींत लिहिण्यासारखें कांहींच घडलें नाहीं असें कोणाचें झाल्यास, त्यांनीं आम्हांस अवश्य कळवावें.