‘काला’ कोणाला कसा वाटला?



पा. रंजित यांचा ‘काला’ हा तमिळ चित्रपट ७ जून २०१८ रोजी लागला. त्याला आता बरीच वर्षे झाली, तरी त्याचा विषय निघाला की आमच्या वसाहतीत अजून दोन तट पडतात. रजनीकांतची हाणामारी पाहायला बसलेली पोरे म्हणतात, भाषणे फार, मारामारी कमी. उड्डाणपुलावर भर पावसात छत्री घेऊन केलेली तेवढी त्यांना पाठ आहे. तमिळनाडूतल्या कित्येक चाहत्यांचीही हीच तक्रार होती. मोठी माणसे म्हणतात, झरीनाचे जुने प्रेम आटोपते घ्यायला हवे होते. हे आम्हालाही पटते.

महिला मंडळाचे मत मात्र एकच. अंजली पाटील हिने केलेली पुयल. पोलीस तिचे कपडे ओढतात, आणि ती जमिनीवरचे कपडे उचलायचे सोडून हत्यार उचलते. आमच्या सिनेमांत अशा वेळी नायक धावत येतो किंवा बाई जीव देते. इथे दोन्ही नाही. त्या प्रसंगावर आमच्या बायका जेवढ्या बोलल्या तेवढ्या रजनीकांतवर बोलल्या नाहीत.

भांडण खरे गाण्यांवरून. संगीत संतोष नारायणन यांचे आणि त्यात ‘डोपअ‍ॅडेलिक्स’ या धारावीच्याच पोरांचे रॅप. आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी विचारले, हे गाणे की नळावरचे भांडण? आम्ही म्हटले, दादा, नळावरचे भांडण तरी खोटे असते का? ज्या समाजाने जलशातून, वामनदादांच्या गाण्यातून आपले म्हणणे चारचौघांत खड्या आवाजात मांडले, त्याने तालावर बोलणाऱ्या पोरांना नाके मुरडू नयेत. पण ज्यांना सूर हवा त्यांच्यासाठी कवयित्री उमादेवी यांचे ‘कण्णम्मा’ आहे. ते मात्र दादांनी दोनदा लावायला सांगितले.

कालाच्या जीपचा नंबर बीआर १९५६ आहे, हे आमच्या शाळकरी मुलांनी आधी हेरले. बाबासाहेबांच्या नावाची आद्याक्षरे आणि धम्मदीक्षेचे वर्ष! शेवटी काळा, लाल आणि निळा रंग उधळतो, तेव्हा त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र डोळ्याआड करता येत नाही. २२ मे २०१८ रोजी तुतुकुडीत तांबे कारखान्याविरुद्धच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. १३ माणसे गेली. रजनीकांत जखमींना भेटून आले आणि म्हणाले, ऊठसूट आंदोलने झाली तर तमिळनाडूचे स्मशान होईल. आणि आठवड्याभरात पडद्यावर तेच जमिनीसाठी आंदोलन करताना दिसले. तमिळ प्रेक्षकांनी याचा जाब विचारला, आणि योग्यच केले. आमच्या मते चित्रपट रंजित यांचा आहे, त्याचे श्रेयही त्यांनाच द्यावे.

धारावीकरांचे मत याहून निराळे. त्यांच्यासाठी पुनर्विकास ही गोष्टीतली गोष्ट नव्हे. नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाची ५,०६९ कोटींची बोली सर्वांत मोठी ठरली, तेव्हापासून घराघरांत पात्र कोण आणि अपात्र कोण याचीच चर्चा आहे.

चित्रपट हिंदीतही आहे. पण निदान गाणी तरी तमिळमधलीच ऐका. शब्द कळले नाहीत तरी चालेल.