‘आपोआप’ होणाऱ्या कामाचा धनी कोण?

कामाचा कंटाळा आला की कोणीतरी हमखास म्हणते, ‘यंत्राला सांगा, आपोआप होईल.’ या ‘आपोआप’विषयी मला चार शब्द लिहायचे आहेत.

सुटीत मी उज्जैनला काकांकडे गेलो होतो. टावर चौकातल्या घड्याळापासून हाकेच्या अंतरावर त्यांचे घर. तिथली काही मराठी कुटुंबे दरमहा वेबिनारवर एक व्याख्यान ठेवतात. श्रोते इंदूरपासून आमच्या सीमाभागापर्यंतचे. त्यांत काही कन्नड मंडळीही. नावे, वर्गणी, आठवणीचे फोन असा सारा कारभार काकांच्या वहीत. मी ऐटीत म्हणालो, ‘काका, आता ही वही मिटा!’

गूगल फॉर्म, शीट, ईमेल आणि सभेची सेवा ही चार वेगवेगळी दुकाने. ॲप्स स्क्रिप्टमध्ये कोड लिहून मी ती जोडली. फॉर्म भरताच नाव यादीत जाई, लिंक ईमेलने पोचे. व्यक्तिगत जीमेल खात्यावरून अशी पत्रे दिवसाला १०० पत्त्यांनाच जातात. आम्हाला तेवढी पुरेशी होती.

पहिल्याच व्याख्यानाला फजिती झाली. सेवेकडून वेळ यूटीसीत येत होती. तीत साडेपाच तास मिळवायचे मी विसरलो. संध्याकाळी ६.३० चे व्याख्यान पत्रात दुपारी १ चे झाले. एका आजींचा काकांना फोन आला, ‘अहो, इथे मी एकटीच बसले आहे!’ ज्या उज्जैनच्या रेखावृत्तावरून आपले प्राचीन ज्योतिर्विद वेळ मोजत, तिथेच माझे घड्याळ चुकावे!

दुसरी चूक वाणिज्य शाखेला लाज आणणारी. पोच मिळाली नाही तर सेवा तोच निरोप पुन्हा पाठवते. माझा कोड त्याला नवा समजला आणि एकाच वर्गणीच्या दोन पावत्या निघाल्या. पावती क्रमांक ताडून मगच खतावणी करावी, हे मी परीक्षेत लिहिले होते. कोडात लिहिले नाही.

चुका यंत्राच्या नव्हत्या, माझ्या होत्या. पण वहीतली चूक एका माणसापुरती राहते. कोडातली क्षणात घरोघर पोचते. २०२० नंतर वेबिनारांचे पीक आले, तेव्हा व्याख्यान न ऐकताही फॉर्म भरून प्रमाणपत्र मिळवणारे आपल्यातही होतेच. तिथे यंत्र चोख चालले. फक्त ऐकले कोणी, हे कोणी पाहिले नाही.

म्हणून माझे मत असे की याद्या, पत्रे, पावत्या खुशाल यंत्राकडे द्याव्यात. परंतु हिशेबाला जसा लेखापरीक्षक, तसा प्रत्येक जोडणीला तपासणारा एक माणूस नेमलेला असावा, आणि चुकीचे उत्तर त्याने द्यावे.

काकांनी वही मिटलेली नाही. पत्रे आता कोड पाठवतो, आधी मी ती वाचतो. त्या आजींना फोन मात्र काकाच करतात.

— एक विद्यार्थी, वाणिज्य शाखा