सुरत्याला वगळून तमाशा नाही

यात्रेला तमाशा कशाला, लावणीचा शो आणला की झाले, असे म्हणणारे नगर जिल्ह्यात आता गावोगाव भेटतात. लोक येतात ते नाचणारीला पाहायला. मग अख्ख्या फडाची सुपारी, ट्रक, राहुट्या हा खर्च का करायचा? एक नावाजलेली नर्तकी आणि ध्वनिमुद्रित गाणी पुरेत, असा त्यांचा हिशेब.

या हिशेबात तमाशाच धरलेला नाही. ढोलकीफडात गण होतो, मग गवळण, बतावणी, रंगबाजीच्या लावण्या आणि शेवटी वग. लावणी हा त्यातला एक भाग. तीही एकटीची नाही. मागे उभे असलेले सुरते तुणतुण्या-मंजिरीवर झील टिपेला नेतात, तेवढ्यात नाचीला दम घ्यायला मिळतो. तिचे पाऊल लांबले तर ढोलक्या थाप राखून ठेवतो. सोंगाड्याला हशा मिळाला की सरदार पुढचे वाक्य अडवून धरतो. ध्वनिमुद्रित गाणे कुणासाठी थांबत नाही.

जामखेडच्या कला केंद्रांतली संगीतबारी ही वेगळी परंपरा. पण तिथेही वादक प्रत्यक्ष बसूनच साथ करतात.

‘पण नाव तर एकीचेच होते ना?’ असे विचारले जाते, आणि उदाहरण दिले जाते ते संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसाच्या पवळाचे. पवळाचे नाव गाजले, हे खरेच. पण ते पठ्ठे बापूरावांच्या नावापासून सुटे करता येत नाही. रेठरे हरणाक्षच्या या कुलकर्ण्यांनी लावणी रचायची आणि पवळाने ती बोर्डावर उभी करायची, अशी ती जोडी होती.

कांताबाई सातारकरांचेही तेच. 1964 साली त्यांचे पती, तमासगीर तुकाराम खेडकर गेले. कांताबाईंनी पुढे स्वतःचा फड बांधला, वगात पुरुषांच्या भूमिका गाजवल्या, मुलगा रघुवीर यांना सोंगाड्या म्हणून उभे केले आणि संगमनेरचे नाव महाराष्ट्रभर नेले. 25 मे 2021 रोजी त्या गेल्या. त्यांना नुसती नर्तकी म्हणणे म्हणजे त्यांचे निम्म्याहून अधिक काम पुसणे. फडांच्या पाट्याही पाहाव्यात : रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर, दत्ता महाडिक सह गुलाब बोरगावकर. ‘सह’ हा शब्द तिथे शोभेचा नाही.

मार्च 2020 मध्ये ऐन यात्रांच्या तोंडावर टाळेबंदी आली. तेव्हा नाचीबरोबर ढोलक्या, सुरत्या, आचारी, ट्रकचालक आणि कनात ठोकणारे बिगारीही घरी बसले. हंगामाआधी घेतलेली उचल मात्र डोक्यावर तशीच राहिली.

फडांचीही चूक आहे. अनेकांनी सिनेमाची गाणी वाढवली आणि वग आखडला. पण त्यामागे रात्री दहाची ध्वनिक्षेपकाची मर्यादा आहे, हे विसरून चालणार नाही. जो वग मध्यरात्रीनंतर रंगायचा, त्याला आता वेळच उरत नाही. म्हणून यात्रा कमिटीने सुपारी देताना नर्तकीच्या नावाआधी वगाचे नाव विचारावे, आणि गण दिवस मावळायच्या आत सुरू होऊ द्यावा.