अंडं आपलं, हाडं तिची

मंडळी, भोर-वेल्ह्याकडे परसात कोंबड्या असतातच. अंड्याचं कवच पातळ झालं की लगेच टॉनिकची बाटली! माझं मत विचाराल तर आधी वाटीभर शिंपल्यांचा जाडसर चुरा ठेवा.

एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. कवच बनतं मुख्यतः रात्री, कोंबडी खुराड्यात आणि दाणा बंद. जाड तुकडे हळूहळू विरघळतात, रात्री उशिरापर्यंत पुरतात. ते नसले की बिचारीला स्वतःच्या हाडांतून जास्त काढावं लागतं. बाहेरून काही दिसत नाही, अंडी मिळत राहतात... आणि एक दिवस पाय मोडतो.

चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला हवा ती खाईल. पिल्लांना मात्र नको; जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. आणि उघडीप मिळाली की उन्हात सोडा. 'ड' जीवनसत्त्वाशिवाय शिंपले अंगी लागत नाहीत.