स्नानापुरती गंगा

फाल्गुन वद्य षष्ठीला, म्हणजे नाथषष्ठीला, पैठणच्या गोदावरीत पाणी असतं, कारण ते सोडलेलं असतं. सण जवळ आला की जायकवाडी धरणातून पात्रात विसर्ग होतो. दिंड्या पोचतात, लोक बुड्या मारतात, नदीकाठच्या संत एकनाथांच्या समाधीला, म्हणजे बाहेरच्या नाथांना, डोकं टेकवतात आणि मग गावातल्या नाथांकडे, वाड्यावर जातात. अष्टमीला काला होतो. दिंड्या परतल्यावर पात्र पुन्हा उघडं पडायला लागतं. वैशाखात कुणाच्या दशक्रियेला पैठणला गेलात तर हिरवट डबकी दिसतात, त्यांच्या कडेला निर्माल्य, मयताचे कपडे, प्लास्टिक. भटजी तांब्यात कुठलं पाणी घेतात, हे मी आता बघत नाही.

मी गेवराई तालुक्यातली, निवृत्त शिक्षिका. आमच्या गावची दिंडी दरवर्षी नाथषष्ठीला जाते आणि पाय चालतात तोवर मीही जाणार आहे. या गावाचं माहात्म्य मला नव्याने सांगायला नको. सातवाहनांची राजधानी, दक्षिण काशी, ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले तो नागघाट, सगळं शाळेत शिकवून झालं. मला बोलायचंय ते पाण्याबद्दल. तीर्थाला पाणीच नसेल तर तिथे जाऊन आपण नेमकं काय करतो?

नाथांच्या कथा आठवून बघा. अंगावर थुंकणाऱ्यावर न चिडता नाथ एकशे आठ वेळा गोदावरीत उतरले. (आज त्यांना त्यासाठी आधी पाटबंधारे खात्याला अर्ज द्यावा लागला असता.) भर दुपारी वाळवंटात पोळणारं दलिताचं लेकरू त्यांनी कडेवर उचललं. श्रीखंड्या बनून आलेला देव कावडीने त्यांच्या घरी पाणी वाहत होता. वाड्यातला रांजण आजही तुकाराम बीजेपासून भरायला घेतात, आणि देवाची घागर पडली की तो भरून वाहतो अशी श्रद्धा आहे. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड नाथांनी वाटेत तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ती कथा तर पोराटोरांना ठाऊक आहे. शेवटी १५९९ च्या षष्ठीला त्यांनी देह ठेवला तोही याच नदीत. या सगळ्या कथांना पात्रात वाहणारं पाणी लागतं. आपण शिल्लक ठेवलीय ती पोळणारी वाळू, आणि तीही उपशातून वाचली तेवढीच.

माझी आई सांगायची की धरणाआधी षष्ठीला गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, गुडघाभर वाहतं पाणी असायचं. प्यायला बाया वाळूत झिरा उकरायच्या, पाणी निवळेपर्यंत बसून राहायच्या आणि मग वाटीने कळशी भरायच्या. वरच्या अंगाला धरणं तेव्हाही होती. पण नदी पैठणपर्यंत येत होती आणि पुढे जात होती.

आता मी धरणाच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. आमच्या घरचं रान उजव्या कालव्यावर आहे. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाभरणी केली, इंदिराबाईंनी १९७६ मध्ये लोकार्पण केलं, आणि ज्या जमिनीत ज्वारी धड होत नव्हती तिथे ऊस उभा राहिला. माझं डीएड त्याच रानाच्या पैशांवर झालं. पहिल्यांदा हे धरण आमच्या बीड जिल्ह्यातल्या जायकवाडीला व्हायचं होतं. जागा बदलून पैठणला गेली, नाव मात्र आमच्याकडचंच चिकटून राहिलं, याचा इकडच्या लोकांना अजून बारीकसा अभिमान आहे. छत्रपती संभाजीनगर आणि जालना हेच पाणी पितात, कारखाने यावर चालतात, फुगवट्यावर पक्षी अभयारण्य आहे. जलाशयाला नाव दिलं नाथसागर. नाथांच्या नावाच्या सागरात पाणी आहे, नाथांच्या पायाशी नाही.

नदीला पाणी सोडा म्हटलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं: पाणी वाया जाईल. हे मला कुणी अधिकाऱ्याने सांगितलेलं नाही, आमच्या दिंडीतल्याच एका बागायतदाराने सांगितलं. "बाई, गंगेला पाणी सोडलं की आपली पाळी हुकती बघा." टाळ गळ्यात होता आणि हिशेब डोक्यात. तेव्हा हिशेबच करू.

नाथसागराचा उपयुक्त साठा आहे २१७१ दलघमी, म्हणजे सुमारे ७७ टीएमसी. पावसाळा सोडून आठ महिने, २४० दिवस, पात्रात सतत १०० क्युसेक पाणी सोडलं तर एकूण जातं दोन टीएमसीच्या थोडं वर. भरलेल्या धरणाच्या शंभर हिश्श्यांतले पावणेतीन. एवढ्याने नदी दुथडी वाहणार नाही, पण डबकी एकमेकांना जोडली जातील, पाणी हलतं राहील. आणि ते वाया कुठे जाणार? खाली आपेगावचा बंधारा आहे, हिरडपुरीचा आहे, काठावर विहिरी आहेत. आपेगाव म्हणजे ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचं गाव, तेही तीर्थच. उलट हा जलाशय उथळ आणि पसरट, उन्हाळ्यात ऊन त्यातलं किती पाणी पितं ते धरणावरच्या माणसांना विचारा. सूर्याकडे कुणी पाळीचा हिशेब मागत नाही.

दुष्काळाच्या वर्षी काय, हा प्रश्न खरा आहे. साठा तळाला गेला तर पिण्याचं पाणी आधी, नदीचा वाटा त्या प्रमाणात कमी, यावर माझं भांडण नाही. माझं म्हणणं एवढंच की वाटा कागदावर असला पाहिजे. हे अशक्य नाही. उत्तरेतल्या गंगेसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये किमान प्रवाह ठरवून देणारी अधिसूचना काढली. आमच्याकडे तर समन्यायी वाटपाचं सूत्रही आहे: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं. त्यासाठी मराठवाड्याने मोर्चे काढले, कोर्टात धाव घेतली, आणि बरोबर केलं. पण वरच्यांकडून हक्काने घेतलेलं पाणी आपल्या भिंतीशी आलं की पुढचं पात्र आपल्याला दिसत नाही. नाशिकने आपल्याशी जे केलं म्हणून आपण ओरडतो, तेच आपण पैठणच्या घाटाशी करतो.

या नदीची दुसरी तऱ्हाही पैठणकरांनी बघितली आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये दरवाजे उघडावे लागले आणि पाणी गावात शिरलं. म्हणजे एकतर गंगा घरात, नाहीतर नुसती वाळू. मधलं काही नाही. आणि मधलं असतं तेव्हाच तिला नदी म्हणायचं असतं.

षष्ठीच्या वेळचा विसर्ग बंद करा असं मी म्हणत नाही. म्हाताऱ्या माणसांना त्या बुडीचं किती असतं ते मी दिंडीत बघते. पण सणाला सोडलेलं पाणी ही भाविकांची सोय झाली, नदीचा हक्क नाही. कालवा सल्लागार समितीत रब्बीच्या, उन्हाळी पाळ्या ठरतात तेव्हा गोदावरीच्या पात्राची एक ओळ त्यात रीतसर मांडली जावी. ती मागणी काठावरच्या पर्यावरणवाल्यांनी नाही, आम्ही वारकऱ्यांनी करायला हवी, कारण दिंड्यांमधले कितीतरी जण लाभक्षेत्रातले शेतकरी आहेत. आम्ही मागितलं तर आमच्याच पाळीतून कापलं जाईल, हे उघड आहे.

हे सगळं मी घरी पुतण्याला ऐकवलं. आमचं रान आता तोच बघतो. त्याने कागदावर गुणाकार पुन्हा करून बघितला आणि म्हणाला, "काकू, एवढ्याने आपली एकच पाळी आखडंल. पण आधी वरच्यांनी सोडावं." मी म्हटलं, "वरचे त्यांच्याही वरच्यांचं नाव घेतात." तो जरा थांबला. मग म्हणाला, गव्हाची पाळी देतो, उसाची नाही. ऊस का नाही, यावर आमचं अजून चालू आहे.