स्वयंसेवक म्हणजे पहारेकरी नव्हे

डिसेंबर उजाडला की अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत मैदानांवर चुन्याच्या रेघा पडू लागतात. शाळांचे क्रीडामहोत्सव सुरू होतात. मैदानाच्या फाटकापाशी, दोरीपाशी, अंतिम रेषेपाशी छातीला बिल्ला लावलेली मुले उभी असतात. कुणी नववी-दहावीतले, आरएसपीचा (रोड सेफ्टी पेट्रोलचा) पट्टा लावलेले. कुणी कनिष्ठ महाविद्यालयातल्या एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे). कुणी नुकतेच शाळा सोडून गेलेले. ही मुले सुरक्षेसाठी नेमली आहेत, असे आपण म्हणतो. त्यांनी नेमके काय करायचे, हे मात्र त्यांना क्वचितच कुणी नीट सांगते.

याबाबत तीन मते सर्रास ऐकू येतात. पहिले, मुलांच्या हाती अधिकार द्या, त्यातूनच नेतृत्व घडते. दुसरे, सुरक्षा हे धंदेवाईक माणसांचे काम आहे, बाउन्सर बोलवा आणि मुलांना घरी ठेवा. तिसरे, शाळेच्या स्पर्धेत येणार कोण, सगळी आपलीच माणसे, एवढा विचार कशाला? मला ही तिन्ही मते चुकीची वाटतात आणि तिन्हींतली चूक धोक्याची वाटते.

तिसऱ्या मतापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक शाळा प्रत्यक्षात त्यावरच चालतात. ‘आपलीच माणसे’ हा दिलासा मुंबईकरांनी तरी स्वतःला देऊ नये. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर 23 माणसे चेंगरून गेली. त्या पुलावर कुणी हल्लेखोर नव्हता. रोज कामावर जाणारी माणसे होती. मोठा पाऊस आला म्हणून ती अरुंद पुलावर थांबून राहिली आणि मागून लोकलमधून उतरलेली माणसे येतच राहिली. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उष्माघाताने 14 जण दगावले. तिथेही सगळी भाविक, शिस्तीची, एकमेकांना जपणारी माणसे होती. गर्दी, ऊन, अरुंद वाट यांना आपले-परके कळत नाही.

खेळाच्या मैदानावर आणखी एक धोका असतो आणि तो खुद्द खेळाचाच असतो. सप्टेंबर 2023 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात शाळेच्या मैदानावर भालाफेकीचा सराव चालू असताना डोक्याला भाला लागून एक विद्यार्थी मरण पावला. त्याआधी, ऑक्टोबर 2019 मध्ये, केरळात पाला इथे राज्य कनिष्ठ अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत भालाफेकीच्या कामाला लावलेल्या एका स्वयंसेवक विद्यार्थ्याच्या डोक्याला हातोडा लागला. भालाफेक आणि हातोडाफेक जवळजवळ, एकाच वेळी चालू होत्या. तो मुलगा अकरावीत होता. सुमारे अडीच आठवडे रुग्णालयात काढून तो गेला. मैदानावरचे काम सुरळीत व्हावे म्हणून ज्याला उभे केले होते, त्याच्या सुरक्षेचा विचार कुणीच केला नव्हता.

ही घटना डोळ्यांपुढे ठेवली की पहिल्या मताचाही निकाल लागतो. मुलाला जबाबदारी दिली की तो मोठा होतो, हे खरे आहे. पण मोठ्यांनी आपली जबाबदारी त्याच्या खांद्यावर टाकून बाजूला होणे म्हणजे जबाबदारी देणे नव्हे. खाजगी सुरक्षा संस्थांसाठी 2005 चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार रक्षकाचे वय किमान 18 असावे लागते, त्याची पूर्वपीठिका तपासावी लागते आणि त्याला प्रशिक्षण द्यावे लागते. केंद्राच्या आदर्श नियमांत हे प्रशिक्षण वर्गात 100 तास आणि प्रत्यक्ष मैदानावर 60 तास असे सांगितले आहे. पगारी, सज्ञान माणसाला जे काम 160 तास शिकल्याशिवाय देऊ नये असे नियम सांगतात, ते आपण पंधरा वर्षांच्या मुलीला सकाळी सात वाजता बिल्ला टोचून देतो. पिशव्या तपास, अनोळखी माणसाला अडव, रिक्षावाल्याशी हुज्जत घाल, दोरीच्या आत घुसणाऱ्या पालकांना मागे ढकल. ती अडवते तेव्हा समोरचा मोठा माणूस खेकसतो. मग ती एक तर गप्प होते, नाहीतर तोच राग पाचवीच्या मुलांवर शिट्टी फुंकून काढते. पहिल्या वाटेने ती दबायला शिकते, दुसऱ्या वाटेने दाबायला. यातून नेतृत्व घडत नाही.

मग बाउन्सरच आणावेत का? मोठ्या स्पर्धेला, तिकीट लावलेल्या सामन्याला प्रशिक्षित रक्षक हवेत, पोलिसांना आधी कळवायला हवे, याबद्दल माझे दुमत नाही. पण काळ्या टी-शर्टातले चार धिप्पाड पुरुष म्हणजे शाळेच्या क्रीडामहोत्सवाची सुरक्षा, ही समजूत मी नाकारतो. आई दिसेनाशी झालेली दुसरीतली मुलगी त्या माणसाकडे जाणार नाही. ती ओळखीच्या ताईकडे जाईल. स्वच्छतागृहाच्या मागे एक माणूस मुलांचे फोटो काढतोय, हे मुले बाउन्सरला सांगणार नाहीत, आपल्या हाऊसच्या कॅप्टनला सांगतील. बदलापूरच्या शाळेतले चिमुरड्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचे 2024 चे प्रकरण आपण इतक्यात विसरता कामा नये. तिथला आरोपी भिंत ओलांडून आला नव्हता. तो शाळेतच सफाईच्या कामाला होता. मुलींनी घरी सांगितले तेव्हा प्रकार उघड झाला आणि मोठ्यांच्या यंत्रणेने ते ऐकून घ्यायला उशीर केला म्हणून लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. फाटकावर कितीही मजबूत माणूस ठेवला, तरी आतल्या माणसापासूनचा धोका तो थांबवू शकत नाही. मुलाने सांगणे आणि मोठ्याने ऐकणे, यानेच तो थांबतो.

पहिले आणि दुसरे मत एकमेकांच्या विरुद्ध दिसते, पण दोन्हींचा पाया एकच आहे. सुरक्षा म्हणजे माणसाला अडवणे, असे दोघेही धरून चालतात. वाद फक्त कुणी अडवायचे एवढाच. माझे म्हणणे असे की शाळेच्या मैदानावर सुरक्षेचा मोठा भाग अडवण्यात नसून वेळेवर दिसण्यात आणि वेळेवर सांगण्यात आहे. तरुण स्वयंसेवकाने पाहावे आणि सांगावे. मोठ्यांनी ऐकावे आणि कृती करावी. या वाटणीत मुलाचा मान कमी होत नाही. जे काम त्याच्याइतके चांगले दुसऱ्या कुणालाच जमत नाही, तेच त्याच्याकडे येते.

हे मैदानावर कसे उतरवायचे? उपनगरातल्या बहुतेक शाळांना स्वतःचे मैदान नाही. अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात 2022 मध्ये महिलांच्या आशियाई चषक फुटबॉलचे सामने झाले, तसली जागा थोड्यांच्याच वाट्याला येते. बाकीच्यांना मिळते ते इमारतींनी वेढलेले, भाड्याने घेतलेले मैदान, एक मोठे फाटक आणि बाहेर स्कूल बस, रिक्षा, दुचाकी यांची दाटी. म्हणून स्वयंसेवकांनी आदल्या दिवशी मैदान पायी फिरून पाहिलेच पाहिजे. दुसरे फाटक कुठे आहे, त्याची किल्ली कुणाकडे आहे, 108 ची रुग्णवाहिका आली तर कुठून आत येईल, सावली कुठे आहे, पाणी कुठे आहे, हे प्रत्येकाला न पाहता सांगता आले पाहिजे.

स्वयंसेवक कधीही एकटा नसावा. दोघांची जोडी असावी आणि प्रत्येक जोडीला आपला एक मोठा माणूस नावानिशी माहीत असावा: पीटीचे सर, बाई किंवा शिपाईकाका. त्या माणसाने त्या दिवशी दुसरे कुठलेही काम घेऊ नये, बक्षीस समारंभाचे तर नाहीच. अठरा वर्षांखालच्या मुलांना रस्त्यावरच्या फाटकावर आणि फेकीच्या क्षेत्रात उभे करू नये. तिथे प्रशिक्षित मोठी माणसेच हवीत आणि दोन फेकी शेजारी-शेजारी एका वेळी कधीही घेऊ नयेत. फेकलेले साधन हातात धरून चालत परत आणायचे, उलट फेकायचे नाही, हा खेळाचाच नियम आहे. तो सरावातही पाळावा.

स्वयंसेवकाने कुणाच्या अंगाला किंवा पिशवीला हात लावू नये. नम्रपणे एकदा सांगावे, न ऐकल्यास वाद न घालता आपल्या मोठ्या माणसाला बोलवावे. हरवलेले मूल सापडले तर जोडीतल्या एकाने त्याच्यापाशी थांबावे, दुसऱ्याने कळवावे. माईकवरून त्या मुलाचे नाव आणि वर्ग जाहीर करू नये, कारण ते नाव मैदानातला प्रत्येक अनोळखी माणूस ऐकतो. पालकांना मदत कक्षाकडे बोलवावे आणि मुलाचे वर्णन त्यांच्याकडून घ्यावे. कुणी पडून डोक्याला किंवा मानेला मार लागला असेल तर त्याला उचलू नये, भोवती घोळका होऊ देऊ नये. सगळ्यांत जास्त लक्ष शेवटच्या अर्ध्या तासावर ठेवावे. बक्षिसे संपली की सगळे एकदम फाटकाकडे धावतात. धाकटे वर्ग आधी, वर्गवार, बाईंच्या सोबत बाहेर पडले की निम्मी रेटारेटी टळते.

एखाद्या मुलाने स्वयंसेवकाला काही घाणेरडे, भीतीदायक सांगितले तर त्याने चौकशी करत बसू नये. “बरं झालं सांगितलंस” एवढे म्हणावे आणि लगेच मोठ्यांना सांगावे. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना न देणे हा मोठ्या माणसासाठी गुन्हा आहे. अल्पवयीनाला मात्र त्या शिक्षेतून वगळले आहे. कायद्याने केलेली ही वाटणी शाळेनेही करावी: मुलाचे काम सांगणे, पुढचे सगळे ओझे मोठ्यांचे. मोठ्यांनी कानाडोळा केला तर 1098 हा मदतीचा फोन क्रमांक मुलासाठीच आहे, हेही त्याला ठाऊक असावे.

यावर एक आक्षेप येईल: एवढे सगळे करायला वेळ कुठे आहे, माणसे कुठे आहेत? संचलनाच्या सरावाला आपण आठवडेच्या आठवडे देतो. त्यातली एक दुपार या कामाला दिली तर पाहुण्यांपुढची पावले जराशी चुकतील. ती चुकली तर काही बिघडत नाही.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की यंदा बिल्ले वाटण्याआधी प्रत्येक स्वयंसेवकाला त्याचा जोडीदार, त्याचा मोठा माणूस आणि त्याची जागा लेखी द्या. आणि स्वयंसेवक मित्रांनो, तुम्हाला सांगायचे ते एवढेच: जे तुम्हाला झेपत नाही ते करायला कुणी सांगितले तर “मला हे जमणार नाही” असे म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तो हक्क वापरा. जे दिसेल ते लगेच सांगा, आणि ऐकले जाईपर्यंत सांगत राहा.