पट्टी कसली, ते लिहा

आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापसाची गाडी रिकामी झाली की शेतकऱ्याच्या हातावर एक कागद ठेवला जातो. तिकडे त्याला तकपट्टी म्हणतात. पैनगंगा ओलांडून यवतमाळात आले की हाच कागद नुसती ‘पट्टी’ होतो. पण पट्टी हिशेबाची असते तशी वसुलीचीही असते. घरपट्टी, पाणीपट्टी आपण रोज बोलतो. बेला-जैनथकडच्या मराठी शेतकऱ्याने त्या कागदातली हिशेबाची ओळ कोणती आणि वसुलीची कोणती, हे कसे ओळखायचे? तेलंगणाच्या राजभाषा तेलुगू आणि उर्दू. मराठीत काही लिहून मिळेल अशी अपेक्षा तो करतही नाही. तो शेवटचा आकडा पाहतो आणि कागद खिशात घालतो.

तेलुगूत कराला ‘पन्नू’ म्हणतात, आणि दातालाही पन्नूच. मराठीत कर म्हणजे हात. एका भाषेला चावा आठवला, दुसरीला पुढे केलेला हात. शिवाय पोळ्याच्या दुसऱ्या दिवसालाही आपण ‘कर’ म्हणतो आणि त्या दिवशी शुभकार्य टाळतो. हे शब्द मुळात वेगवेगळे आहेत असे पंडित सांगतील, सांगोत बापडे. देणाऱ्याच्या मनात ते एकाच खुंटीला टांगलेले आहेत.

जुन्या राजवटींनी या बाबतीत शब्दांची कंजुषी कधी केली नाही. मराठेशाहीत चौथाई आणि सरदेशमुखी होतीच. लग्नाला लग्नटका, विधवेच्या पाटाला पाटदाम, कारागीर-दुकानदारांना मोहतर्फा. नागपूरकर भोसल्यांचा घासदाणा तर प्रसिद्धच. नाव घोड्यांच्या चाऱ्याचे, भरणा फौजेच्या खजिन्यात. तो आणि चौथाई-सरदेशमुखी सोडली, तर घेणारा कशावर घेतो आहे हे नावातच सांगून टाकत होता. निझामाच्या राज्यात सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होते आणि जंगलात बनचराई. गोंडांची गुरे ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या चरत होती, तेच रान राखीव झाले आणि चरण्याचे पैसे सुरू झाले. गोंडांचा नेता कोमरम भीम बारा गावांचा हक्क मागत उभा राहिला, त्यामागच्या रागात या चराईचा वाटा मोठा होता. १९४० मध्ये जोडेघाटला निझामाच्या पोलिसांनी त्याला मारले. (जोडेघाट आज आसिफाबादच्या बाजूला गेले असले तरी २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यातच होते.) पैसा किती, यापेक्षा तो कशाबद्दल, हा प्रश्न तिथे होता. गवत काही सरकारने पेरले नव्हते.

हाच प्रश्न पुढे कायद्याच्या भाषेत आला. कर घेताना सरकारने देणाऱ्याला मोबदल्यात काही द्यावे असे बंधन नाही. शुल्क मात्र सेवेबद्दल घ्यायचे, असा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात स्पष्ट केला. तो सैल झाला तोही आपल्याच भागाशी नाते असलेल्या प्रकरणात. तेव्हा आदिलाबाद ज्यात होते त्या आंध्र प्रदेशातल्या बाजार समित्यांनी शुल्क शंभर रुपयांना ५० पैशांवरून १ रुपया केले, व्यापारी कोर्टात गेले, आणि १९८३ मध्ये न्यायालयाने ही वाढ मान्य केली. सेवेचा आणि शुल्काचा तंतोतंत हिशेब जुळायला हवा असे नाही, ढोबळ संबंध पुरेसा, असे ठरले. हे शुल्क कायद्याने खरेदीदाराने भरायचे आहे. भावात ते आधीच कापून घेतले जात नसेल, असे यार्डात एक तास उभा राहिलेला माणूस छातीठोकपणे म्हणणार नाही.

आणि आता दिल्लीचे शब्द पाहा. २०२१ च्या अर्थसंकल्पात परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क बसले. त्यात ५ टक्के मूळ सीमाशुल्क, ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर, आणि या दोन्हींच्या दहा टक्के म्हणून १ टक्का समाजकल्याण अधिभार. एका गाठीवर तीन शब्द. कर म्हटले की राज्यांना वाटा द्यावा लागतो, पंधराव्या वित्त आयोगाप्रमाणे ४१ टक्के. उपकर किंवा अधिभार म्हटले की द्यावा लागत नाही. सन २००० च्या ऐंशीव्या घटनादुरुस्तीने तशी सोयच करून ठेवली आहे. म्हणजे ११ पैकी वाटणीत येणार फक्त ५. तेलंगणा असो की महाराष्ट्र, राज्यांचे नुकसान नुसत्या नामकरणात झाले, आणि तेही शेतीच्या नावाने.

तरीही हे शुल्क कापूस उत्पादकाला हवे होते. तो जे भरत नाही आणि ज्याने त्याचा भाव सावरतो, असे हे एकच. केंद्राने ते १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ केले, आधी सप्टेंबरअखेर, मग ३१ डिसेंबरपर्यंत. पोळा दोन-तीन दिवसांवर होता. ऑक्टोबरात नवा कापूस बाजारात आला तेव्हा परदेशी गाठींना दार सताड उघडे होते. स्वस्त कापूस हवा ही गिरण्यांची अडचण खरी असेल, पण ती ऐन वेचणीच्या तोंडावरच आठवावी?

दिल्लीचे शब्द आदिलाबादला बदलता येणार नाहीत; तकपट्टी बदलता येईल. तिच्यावर तीन रकाने हवेत. पहिल्यात सरकार किंवा समिती घेते ते, आणि ते कोणाच्या माथी. दुसऱ्यात हमाली-तोलाईसारखे कष्टाचे पैसे. तिसऱ्यात कडता, म्हणजे वजनातून कापलेले किलो. या तिसऱ्यावर आमचा सगळ्यात जास्त कटाक्ष आहे. कापूस महामंडळ ओलावा आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव देते, बारापर्यंत कापून देते आणि त्यापुढे माल घेत नाही. खासगी खरेदीत मात्र ‘ओला आहे’ एवढ्या दोन शब्दांत क्विंटलमागे काही किलो उडतात. हा कर नव्हे, शुल्कही नव्हे, म्हणून त्याला पावती नाही, अपील नाही. यंत्रावर दिसलेला ओलावा आणि कापलेले किलो तिथे आकड्यात लिहिले जावेत. तेलुगूखाली त्याच ओळी मराठीत छापाव्यात, आणि गोंडी बोलणाऱ्या शेतकऱ्याला त्या वाचून दाखवायला काट्याजवळ एक माणूस असावा. नवा कापूस दसऱ्याच्या आसपास येतो. छापखान्याला तेवढा वेळ पुरतो.